उजेडाचे वावडे

पारदर्शकता हा आपण सद्गुण मानतो. काचेच्या बाटलीचा मोह बहुधा त्यातूनच येतो. आतले दिसते, म्हणून भरवसा वाटतो. बिअरला मात्र उजेडाचेच वावडे. हॉप्समधून उतरलेली कडू द्रव्ये प्रकाशात फुटतात आणि गंधकाचा उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच हे बरेचसे रोखते, हिरवी फारच थोडे. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही.

तरीही २००२ साली अमेरिकेत, कोलोरॅडोतील लायन्स या छोट्या गावी, ऑस्कर ब्लूज या ब्रुअरीने आपली 'डेल्स पेल एल' हातयंत्रावर कॅनमध्ये भरायला घेतली, तेव्हा ते धाडसच होते. कॅन म्हणजे मोठ्या कारखान्यांची स्वस्त, पातळ बिअर, हे समीकरण पक्के झाले होते. धातूची चव उतरते, हा आक्षेपही होताच. वास्तविक कॅनला आतून पातळ लेप असतो. बिअर धातूला शिवतही नाही. पुढे अनेक छोट्या ब्रुअऱ्यांनी बाटली सोडून कॅन जवळ केला.

चवीपुरता माझा कौल कॅनलाच आहे. पण मन पूर्ण निवत नाही. आपल्याकडे रद्दीवाला रिकाम्या बाटल्या नेतो. त्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. कॅनही भंगारात जातो, वितळतो, नव्याने घडतो. बाटली मात्र बाटली राहूनच परत येते. अंगावर चरे घेऊन परतणारी अशी वस्तू नाहीशी होणे, ही चवीच्या लाभाची किंमत आहे, आणि ती मला लहान वाटत नाही.