आपला हात जगन्नाथ

मराठी भाषेची एक मोठी सोय आहे. कोणत्याही बाजूने भांडायचे असले तरी त्या बाजूची म्हण तयार असते. 'आपला हात जगन्नाथ' असे आपण ऐटीत म्हणतो आणि तो हात कुठे अडकला की 'जेनुं काम तेनुं थाय, बिजा करे सो गोता खाय' ही शेजारच्या गुजरातीतून उसनी आणलेली म्हण घाईघाईने पुढे करतो. गेल्या दिवाळीत या दोन म्हणींची आमच्या घरात चांगलीच जुंपली. निमित्त झाले होम थिएटरचे.

होम थिएटर म्हटल्यावर कुणाला वाटेल, बंगल्यात राहणारी माणसे दिसतात! तसे काही नाही. आमचे घर तीन खोल्यांचे आणि होम थिएटर आणावे लागले ते चैनीसाठी नव्हे, तर आजोबांच्या कानांसाठी. "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत," हे त्यांचे गाऱ्हाणे दोन वर्षांचे. कानाच्या डॉक्टरांनी त्याचे कारण समजावून सांगितले. वय झाले की उंच पट्टीतले ध्वनी आधी हरवतात. स्वर ऐकू येतात, पण स, श, त, फ अशी नाजूक व्यंजने विरून जातात. मग 'सात' म्हटले काय आणि 'हात' म्हटले काय, कानाला दोन्ही सारखेच. टीव्ही मोठा करावा तर गोंगाट वाढतो, अर्थ वाढत नाही. त्यातून आजचे टीव्ही इतके चपटे की त्यांच्या स्पीकरची तोंडे बहुधा खाली किंवा मागे वळलेली. आजोबा कानाचे यंत्र लावतात, पण खोलीच्या घुमण्यापुढे तेही हात टेकते.

आणि हे दुःख कुणाच्या वाट्याला यावे? १९७० सालापासून आमच्या तालुक्याच्या गावातल्या टॉकीजमध्ये जे ऑपरेटर होते, त्यांच्या! दोन प्रोजेक्टर, कार्बनच्या कांड्यांचा डोळे दिपवणारा उजेड आणि दर वीसेक मिनिटांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणे, असे त्यांचे आयुष्य. पुढे टॉकीज बंद पडली. आता तिथे मंगल कार्यालय आहे. साऱ्या गावाला ज्यांनी संवाद ऐकवले, ते स्वतः टीव्हीपुढे बसून आईला विचारू लागले, "काय म्हणाला गं तो?" पहिल्या-पहिल्यांदा आई सांगायची. नंतर त्यांनीच विचारणे सोडून दिले. ते गप्प बसणे मला टोचत होते.

म्हणून बाबांनी बोनसमधून पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक रिसीव्हर आणला. यालाच ५.१ म्हणतात. त्यातले पाच म्हणजे समोरचा डावा, उजवा, मधला आणि बाजूचे दोन. पॉइंट एक म्हणजे सबवूफर. तो फक्त घनगंभीर ध्वनी वाजवतो, पूर्ण पट्टीतला लहानसा तुकडाच त्याच्या वाट्याला येतो, म्हणून त्याला पूर्ण आकडा नाही. चित्रपटगृहांत डॉल्बीची ही डिजिटल पद्धत १९९२ साली आली आणि पुढे ती घराघरांत शिरली. दुकानदाराने बसवणावळ सांगितली साडेतीन हजार. मी उसळून म्हणालो, "कशाला? चार स्क्रू तर पिळायचेत. मी करतो."

आजोबा म्हणाले, "माणूस बोलाव. मशीनला हात लावायचा तर आम्हाला परवाना काढावा लागायचा."

मला हसू आले. ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने यंत्रे चालवली, तेच परक्या हाताची भलावण करीत होते! मी कलाशाखेचा विद्यार्थी. विद्युतशास्त्राशी माझा संबंध वीजबिल भरण्यापुरता. पण मोबाइलवर चार चित्रफिती पाहिल्या की माणसाला जो आत्मविश्वास येतो, तो पदवीनेही येत नाही.

शेजारच्यांकडून ड्रिल मागून आणले. डावीकडचा स्पीकर भिंतीवर टांगायचा होता. स्विचबोर्डाच्या बरोबर वर जागा रिकामी होती. आजोबा खुर्चीतून म्हणाले, "अरे, बोर्डाच्या वर कुठे?" मी त्यांना ऐकू यावे म्हणून मोठ्याने ओरडलो, "काही होत नाही!" ऐकू कमी कुणाला येत होते, हे पुढच्या क्षणी कळले. एक निळा भपका, एक फाटका आवाज आणि घरभर अंधार.

आपल्याकडे नव्या घरांतले वायरिंग गिलाव्याच्या आत नळीतून नेलेले असते आणि बोर्डापासून ते बहुधा सरळ वर किंवा सरळ आडवे जाते. म्हणजे भोक पाडायला सर्वांत वाईट जागा मी अचूक निवडली होती. पायात रबरी चपला होत्या, ड्रिलची मूठ प्लॅस्टिकची होती आणि बाबांनी पूर्वीच एमसीबी बसवून घेतले होते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट माझ्या हुशारीची नव्हती. अंधारात आई माझे नाव घेऊन ओरडली. मी "ठीक आहे" म्हणालो तेव्हा माझा स्वतःचाच आवाज मला परका वाटला. आजोबा काही बोलले नाहीत. पण मेणबत्ती लावली तेव्हा त्यांचा हात थरथरताना दिसला.

सकाळी वायरमन आला. त्याने आधी मेन स्विच बंद केला, मग टेस्टर लावून खात्री केली, आणि खात्री झाल्यावर पुन्हा एकदा केली. गिलावा छिन्नीने जेवढ्यास तेवढा फोडला, नळीतून नवी वायर ओढून घेतली, जोड दिला नाही. "जोड भिंतीत गाडायचा नसतो," एवढेच म्हणाला. आठशे रुपये घेतले आणि जाताना आजोबांना विचारले, "आप्पा, ओळखलंत का? टॉकीजला पंखे दुरुस्त करायला वडिलांबरोबर यायचो." आजोबांनी ओळखले.

साहजिकच मी शरण गेलो आणि दुकानातून माणूस बोलावला. त्याचा हात मात्र साधलेला. पाऊण तासात टीव्ही भिंतीवर. सूत इकडे नाही की तिकडे नाही. स्पीकर टांगले, वायरी केसिंगपट्टीत लपवल्या, सबवूफर कोपऱ्यात सरकवला, मधला स्पीकर कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवला आणि "झालं, इथं सही करा" म्हणून तो पुढच्या घरी गेला. बिचाऱ्याला त्या दिवशी अजून सहा घरे करायची होती.

संध्याकाळी चित्रपट लावला. खिडक्यांची तावदाने हादरली. मोटारी अंगावरून गेल्यासारख्या गेल्या. आणि आजोबांनी आईकडे पाहून हळूच विचारले, "काय म्हणाला गं तो?"

मला रडूच यायचे बाकी राहिले. तेव्हा आजोबांनी मला जवळ बसवले आणि जी गोष्ट मी त्यांना इतक्या वर्षांत कधी विचारली नव्हती, ती सांगितली. टॉकीजचा पडदा अखंड नसतो, त्याला बारीक बारीक भोके असतात. कारण संवादाचा स्पीकर पडद्याच्या मागे असतो आणि आवाज नटाच्या तोंडातूनच आला पाहिजे. "तुझा नट गुडघ्यातून बोलतोय," ते म्हणाले.

मग दोन दिवस आम्ही दोघे खपलो. मधला स्पीकर कप्प्यातून काढला, टीव्हीच्या लगेच खाली पुढच्या कडेला ठेवला आणि त्याच्याखाली लाकडाची चीप सारून त्याचे तोंड आजोबांच्या कानाकडे वळवले. समोरचे दोन स्पीकर त्यांच्या खुर्चीपासून दोन्हीकडे सुमारे तीस अंशांवर आणले. सबवूफरसाठी एक गमतीची युक्ती वाचली होती. तो ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत फिरायचे. जिथे आवाज घुमत नाही आणि विरतही नाही, तिथे त्याची जागा. कोपऱ्यात ठेवला की तो हमखास घुमतो. मी रांगत होतो, आई हसून बेजार झाली आणि आजोबा छडीने दिशा दाखवीत होते. एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या वायरी उलट लागल्या होत्या, त्या सुलट केल्या. टेपने अंतरे मोजून रिसीव्हरला सांगितली. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो, तेव्हा जवळच्या स्पीकरला थोडे थांबावे लागते. मधल्याचा आवाज इतरांपेक्षा तीन डेसिबलने वाढवला. समोरच्या उघड्या भिंतीवर आईने जुनी जाड सतरंजी टांगली. खोलीचे घुमणे निम्मे झाल्यासारखे वाटले.

यातले एकही काम वायरमनच्या हाताचे नव्हते, आणि दुकानातल्या माणसाच्याही नव्हते. आजोबा कोणत्या खुर्चीत बसतात, हे त्यांना कसे कळावे?

म्हणजे दोन्ही म्हणी खऱ्याच, फक्त त्यांची हद्द आखून घ्यायला हवी. जिथे चुकले तर पुन्हा मांडता येते, तिथे आपला हात जगन्नाथ. स्पीकर सरकवावा, ऐकावे, पुन्हा सरकवावा. जिथे चूक परत घेता येत नाही, भिंतीतली वीज असो की माणसांच्या डोक्यावर टांगलेले वजन, तिथे ज्याचे काम त्याने करावे, आणि आपण शेजारी उभे राहून पाहावे. आपण विद्यार्थी बरोबर याच्या उलट वागतो. वायरींना बिनधास्त हात घालतो, आणि एखादी कविता स्वतः वाचून तिचा चुकीचा अर्थ लावायचे धाडस होत नाही. तिथे मात्र गाइड आणतो. कवितेचा अर्थ चुकला म्हणून कुणाला झटका बसल्याचे ऐकिवात नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही अनंत माने यांचा १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' लावला. जुन्या चित्रपटाचा आवाज एकपदरी. रिसीव्हरने तो जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरकडे वळवला. आजोबा पुढे झुकून बसले होते. मग हळूहळू मागे टेकले. अर्धा तास त्यांनी आईकडे पाहिले नाही.

"एवढं सहा डब्यांचं कौतुक," ते मध्येच म्हणाले, "आणि ऐकू येतंय ते एकाच डब्यातनं!"

तेवढ्यात आत्याकडची मंडळी फराळाला आली. खोली माणसांनी भरली. आजोबांनी पडद्यावरची नजर न काढता माझ्याकडे हात केला आणि दोन बोटे वर उचलली.

मला कळेना. ते म्हणाले, "दोन घरं वाढव. माणसं आवाज पितात. हाऊसफुल्लला वाढवावाच लागतो."

मी वाढवला.