एकोणशंभर

संध्याकाळचे पाच वाजले की पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडतो. पावसाळ्यात त्यात छत्र्यांची भर. आत सोफा भिंतीला सरकतो, टीपॉय आतल्या खोलीत जातो, कपाटामागचा पांढरा फळा बाहेर येतो. सकाळपासून जिथं पोह्यांच्या बशा, वर्तमानपत्र आणि अर्धवट रंगवलेला डायनासोर नांदत असतात, तिथं दहावीची बारा मुलं मांडी ठोकून बसतात. शाळेतून घरी जाऊन, कसंबसं दोन घास तोंडात टाकून आलेली. मंगळवार असला तर भूमिती.

या घराची गंमत अशी की बाहेरची बारा मुलं इथं शिकायला येतात आणि घरातली आठ वर्षांची मुलगी शाळेतच जात नाही.

तिला छळणारा प्रश्न एकच. वाणी विचारतो, रिक्षावाला विचारतो, लग्नात शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई विचारते : कितवीत आहेस गं? मोठ्या माणसांकडे लहान मुलांशी बोलायला नाव, इयत्ता आणि शाळा एवढंच भांडवल असतं. पूर्वी ती आईच्या तोंडाकडे बघायची. आता बिनदिक्कत सांगते, ‘‘मी घरवीत आहे.’’ ऐकणारा ‘बारावीत’ ऐकू आल्यासारखा दचकतो. तेवढ्या वेळात मायलेकी पुढं सटकतात.

नातेवाईक असे सुटत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं त्यात म्हटलंय, न घालणाऱ्या आईबापांना दंड मात्र सांगितलेला नाही. घरी शिकवणाऱ्यांचं नावच नाही. दुसरा प्रश्न, ‘पुढं काय?’ त्याला उत्तरं आहेत. राष्ट्रीय मुक्त शाळा १९८९ पासून चालू आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर प्रत्येक खानदानात कुणी ना कुणी भरलेला असतो, फक्त त्याबद्दल बोलत नाहीत. एका आत्याबाईंनी २०१६ साली एक बातमी स्वतःहून पाठवली होती : मुंबईची शाळा सोडलेली मुलगी, घरी शिकून, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेत एमआयटीला गेली. आता त्याच आत्याबाई विचारतात, ‘‘काय गं, आपली चालली का एमआयटीला?’’

आपली सध्या सकाळी साडेसातला उठते. बाबांची चाकणला पहिली शिफ्ट असली की ते अंधारातच बाहेर पडलेले असतात. आई ओट्याशी उभी राहून एका हातानं कणीक मळते आणि दुसऱ्या हातानं क्लासच्या मुलांच्या उत्तरपत्रिका उलटते. एखाद्या पायथागोरसवर पिठाचा अंगठा उमटतो. लेक पाटावर बसून मोठ्यानं वाचते. तिचं वाचन आणि कुकरची शिट्टी यांचं वैर आहे.

हे फार नवीन काही नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि त्याबद्दल लोकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई शिकायच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून आईनं शिकवायला घेतलं. घरचं काम, आल्यागेल्याचं जेवणखाण यांतून लक्ष्मीबाईंना दिवसा सवड कुठली? त्या भल्या पहाटे, पाखरं जागी व्हायच्या सुमाराला मुलीला गोंजारून उठवायच्या आणि धडा द्यायच्या. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चाललं. त्या शाळेला ना भिंत, ना इयत्ता. विद्यार्थिनीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हटलं. सिंहगड रस्त्यावरच्या या आईला त्यातलं पांडित्य फारसं आठवत नाही. तिच्या मनात राहिलंय ते एवढंच, की त्या बाईलाही दिवसा वेळ नव्हता.

तिला तर पहाटे उठवणंही जमत नाही. एकदा प्रयत्न केला. लेक उठली, ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाली आणि पुन्हा झोपली.

‘मॅडम’ हा या घरातला नाजूक शब्द आहे. पाच ते साडेसात हॉलमध्ये ‘आई’ म्हणायचं नाही, असा करार आहे. तहान, भूक, कुणी चिमटा काढला, काहीही असो, हात वर करायचा आणि ‘मॅडम’ म्हणायचं. मोठी मुलं हसतात. पण करार उलट्या बाजूनंही आहे, आणि तो लेकीनं घालून दिलाय. सकाळी काही चुकलं की आईचा आवाज चढतो, मान एका बाजूला कलते, बोट फळा नसलेल्या हवेत फिरतं. लेक शांतपणे म्हणते, ‘‘आई, आत्ता तू मॅडम झालीस.’’ मग आई गॅस बारीक करते आणि तिच्याजवळ येऊन बसते. काही दिवशी बसत नाही. काही दिवशी दोघीही रडतात, आणि आजी मध्ये पडून म्हणते, ‘‘घाला बाई एकदाची शाळेत. तिलाही सुख, तुलाही.’’

आजीचा विरोध आहे आणि सर्वांत मोठा हातभारही तिचाच. तिच्या वडिलांनी तिच्याकडून पावकी, निमकी, दीडकी पाठ करून घेतली होती. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. दुपारी शेंगा सोलता सोलता ती सूर लावते. नातीला त्यातलं गणित आधी कळलं नाही, ताल कळला. गणित आपसूक कळलं ते मंडईत, पावणेदोन किलो कांदे घेताना.

घरात एक गोष्ट नव्हती : मधली सुट्टी. समोरच्या घरातली मैत्रीण डबा घेऊन व्हॅनमध्ये बसते, संमेलनात कोळीण होऊन नाचते. हे सगळं हिला खिडकीतून दिसतं आणि लागतंही. म्हणून हिनं स्वतःच सुट्टी काढली. बरोबर अकरा वाजता देवघरातली घंटा वाजते. डबा उघडून ती जिन्याच्या पायरीवर एकटीच बसते. इस्त्रीवाले काका कपडे पोचवायला येतात तेव्हा त्यांनाही एक घास मिळतो. काका मूळचे अलाहाबादकडचे. ते या शाळेचे हिंदीचे शिक्षक आहेत आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

गेल्या वर्षी भाजीचा हिशेब लिहिताना लेकीनं ‘बासष्ट’ ऐकून २६ लिहिलं. आईच्या पोटात गोळा आला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन बासष्ट’ अशी जोड आली तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला होता, विधानसभेतही टोलेबाजी झाली होती. ही आईही हसली होती, क्लासमध्ये, पोरांसमोर. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा पुन्हा पुन्हा समजावून सांगत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत, फक्त मुलांना सोपी वाट दिली आहे. मराठीत कानावर ‘बा’ म्हणजे दोन आधी पडतो आणि लिहिताना सहा आधी येतो. मुलाचा गोंधळ खरा असतो. हे पुस्तकात वाचून तिला पटलं नव्हतं. पेन्सिलीनं काढलेल्या त्या २६ नं पटवलं.

तेव्हापासून घरात आकड्यांच्या नावांचं वेड शिरलंय. एकोणीस म्हणजे वीसला एक उणा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. लेकीनं एका रविवारी सगळे नऊवाले वहीत एकाखाली एक उतरवले. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. आणि शेवटी थबकली.

‘‘आई, मग एकोणशंभर का नाही?’’

आईनं वीस वर्षं गणित शिकवलंय. नव्व्याण्णव हा शब्द तिनं हजारदा उच्चारला असेल. सगळे उणे झाले, हा एकटाच सरळ नऊ आणि नव्वद असा उभा राहिलाय, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ‘‘माहीत नाही,’’ ती म्हणाली. मॅडमनं हे वाक्य हॉलमध्ये सहसा म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीत इस्त्रीवाल्या काकांची तोंडी परीक्षा झाली. उनतीस, उनतालीस, उनचास. उनासी. इथवर सगळं मराठीसारखं. ‘‘और नवासी,’’ काका म्हणाले, ‘‘फिर निन्यानबे.’’ लेक धावत आत आली. काकांच्या हिंदीत एकोणनव्वदसुद्धा उणा नाही! तिथं दोघं फुटले, आपल्याकडं एकच. आजीनं शेंगांमधून मान वर करून विचारलं, ‘‘मग फुटेनात का. तुझं काय अडलंय?’’

तिचं अडलं होतं. त्या संध्याकाळी फळ्यावर काटकोन त्रिकोण होता. कर्णावर लंब टाकून झाला होता, समरूप त्रिकोणांची बाजू लिहायची होती. कोपऱ्यातून एक छोटा हात वर झाला.

‘‘मॅडम, यांना विचारू?’’

मॅडमनं घड्याळाकडं पाहिलं. चाचणी शनिवारी होती. ‘‘विचार,’’ ती म्हणाली, ‘‘दोन मिनिटं.’’

बारा दहावीवाले बोटं मोजायला लागले. एकोणीस, एकोणतीस... नव्वदाशी पोचल्यावर एकेकाच्या कपाळाला आठी पडली. एकजण म्हणाला, शंभरला उणं म्हणणं अशुभ असेल. दुसरी म्हणाली, एकोणशंभर बोलायलाच कसंतरी वाटतं. तिसऱ्यानं ठणकावलं, ‘‘परीक्षेत येणार आहे का?’’ आणि सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. दोन मिनिटांची वीस झाली. लंब तसाच टांगलेला राहिला.

साडेसातला चपलांचा ढीग उसवत गेला. आई फळा पुसायला उठली. लेकीनं त्रिकोणाखाली सगळे नऊवाले रांगेत लिहून ठेवले होते, म्हणून तिनं वरचा अर्धाच पुसला. तेवढ्यात जिन्याच्या खालच्या वळणावरून एका मुलाचा आवाज आला, कराराचं भान नसलेला :

‘‘मॅडम, माझी आजी गुजराती आहे! तिला विचारून उद्या हिला सांगतो!’’