कठडा नसलेला धबधबा

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास चाळताना लँकशायर पावलोपावली भेटतं. तिथल्याच एका पोराशी अशी आडवाटेला गाठ पडली: थॉमस कोल. जन्म १८०१, बोल्टनचा. काम, चिटाच्या कापडावर छापायचे नमुने कोरायचं. १८१८ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि पुढे तिथल्या निसर्गचित्रांचा जनकच ठरला. न्यू जर्सीतल्या भाच्याला म्हटलं, नायगारा राहू दे, मला कोलच्या कॅट्सकिलला ने.

मोटेलात शेजारच्या खोलीतला टीव्ही रात्रभर ऐकला. सकाळचा मफिन थंडगार. हडसनवरचा पूल ओलांडताना कोलच्या शिष्याचा, फ्रेडरिक चर्चचा, ओलाना महाल टेकडीवर दिसला. गर्दी तिकडेच, आम्ही थांबलो नाही.

कोलचं पिवळं घर साधंच, बायकोच्या नातलगांचं. ओसरीवरून समोर डोंगरांची निळी रांग. गाईडबाईंना घाई होती, मी मात्र बैठकीच्या खोलीत भिंतीकडे मान वर करून उभा राहिलो. कोलनं स्वतः रंगवलेली नक्षीची पट्टी नंतरच्या रंगांच्या थरांखाली दडली होती, ती अलीकडे उघडी केली आहे. मला तर ती सरळ लुगड्याच्या किनारीसारखी वाटली. एवढा मोठा चित्रकार झाला, तरी कापडावरचा हात काही सुटला नव्हता.

गिरण्यांच्या धुरात वाढला म्हणून त्याला रानाची ओढ, असं काही इतिहासकार मांडतात. मला हे अर्धंच पटतं. १८३६ मध्ये रेल्वेसाठी इथली झाडं पडली, तेव्हा लूमन रीड या आश्रयदात्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं तोडणाऱ्यांना शिव्याशाप दिले, हे खरं. पण १८२६ चं काटरस्किल धबधब्याचं चित्र बघा. तिथे तेव्हाच सहलीला लोक येत, त्यांच्यासाठी सज्जा होता, कठडा होता. चित्रातून दोन्ही गायब, आणि कड्यावर एकटा मूलनिवासी उभा! हा धुराचा राग कसला? न्यूयॉर्कच्या पैसेवाल्यांना दिवाणखान्यात माणसाचा हात न लागलेलं रान हवं होतं, आणि चिटाचे नमुने कोरलेल्या माणसाला गिऱ्हाइकाची आवड कळणारच. तोडलेली झाडं आणि आगगाडी एकत्र त्याच्या चित्रात आली ती १८४३ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. त्यानंतर पाच वर्षांतच, १८४८ मध्ये, तो गेला. मला विचाराल तर खरा कोल त्या उशिराच्या चित्रात आहे.

दुपारी धबधब्यावर गेलो. दोन टप्प्यांत मिळून २६० फूट. एके काळी वर बांध घालून पाणी अडवत आणि पाहुण्यांनी पैसे मोजले की सोडत. आता ते बंद झालंय, पण वर नवा सज्जा आहे, कठड्यासकट. मी त्याला टेकून फोटोसाठी उभा राहिलो.

"मामा, जरा डावीकडे सरका," भाचा म्हणाला, "कठडा येतोय."