कळ दाबली की सनई

भिंगारच्या माणसाचे कान जरा निराळ्याच वळणाचे असतात, असे माझे जुने मत आहे. एका अंगाला नगरची लष्करी छावणी. तेव्हा बिगूल आणि बँड घरातल्या घड्याळाइतकेच ओळखीचे. दुसऱ्या अंगाला आलमगीर. ज्या औरंगजेबाने आपल्या दरबारातले गाणे-बजावणे बंद केले, तो १७०७ साली या परिसरातच मरण पावला. गवयांनी संगीताचा जनाजा काढला, तेव्हा 'चांगले खोल पुरा' असे बादशहाने बजावले होते म्हणतात. खरेखोटे देव जाणे; पण लग्नसराईत एक संध्याकाळ भिंगारमध्ये काढली, की पुरणाऱ्यांनी काम किती कच्चे केले ते कळते.

तीन वर्षांमागे भाच्याचे लग्न होते. बँड नेहमीच्या मास्तरांचा. त्यांचे क्लॅरोनेट मी पंचवीस वर्षे ऐकत आलो होतो. मारुतीच्या देवळापाशी नवरदेव उतरला, की ते असा काही सूर लावीत, की घोडासुद्धा कान टवकारी. यंदा मात्र अकरा गणवेशधाऱ्यांऐवजी एक छोटा टेंपो आला. त्यावर कर्णे, जनित्र, मास्तरांपुढे विजेचा कीबोर्ड आणि शेजारी एक पोरगा ऑक्टोपॅड घेऊन उभा. रबराचे आठ चौकोन! एकावर काठी टेकली की हलगी, दुसऱ्यावर ढोलकी, तिसऱ्यावर संबळ. मागे एक बेंजोवाला आणि एक ताशेवाला. संपला बँड.

आमच्या व्याह्यांनी लगेच नाक मुरडले. "जपानी खेळणी! आपला तो बेंजो बरा." मला हसू आले. त्यांचा तो 'आपला' बेंजो, म्हणजे बुलबुलतरंग, मूळचा जपानीच. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून तो काढला. ऑक्टोपॅड १९८५चा. दोघांत काय ते सत्तरएक वर्षांचे अंतर. तेवढ्यात एक जण घरचा झाला आणि दुसरा अजून ओसरीवर उभा आहे. तीच गोष्ट १९५४च्या 'नागिन'मधल्या बीनेची. गारुड्याची पुंगी म्हणून ज्या सुरावर लोक डोलले, तो कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता. साथीला रवींची हार्मोनियम. आणि मुंबईच्या चरणजितसिंगांनी १९८२ साली अशाच यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, तेव्हा कोणी फारसे विचारलेही नाही. २०१० साली परदेशात ती तबकडी पुन्हा निघाली, मग कौतुक! नव्या आवाजाचे नशीब बहुधा पाहुणे आल्यावरच उघडते.

पण हे शहाणपण राहू द्या. वरात देवळापाशी आली आणि मास्तरांनी सनई लावली. कीबोर्डाची कळ म्हणजे पायरी. एका सुरावरून दुसऱ्यावर उडीच मारावी लागते, आणि सनईचा जीव तर त्या मधल्या घसरणीत. मास्तरांचा डावा अंगठा कडेच्या एका लहानशा चाकावर होता. ते चाक कणभर पुढे-मागे सरके आणि सूर वाकून पुढच्या सुराला मिळे. पंचवीस वर्षे ओठांनी जे केले, ते आता अंगठ्याकडून करून घेत होते. दोन-तीन जागा कोरड्या गेल्या, हे खरे. श्वास नव्हता त्यांत. एक जागा मात्र अशी आली, की नवरदेवाची आजी गाडीतून मान बाहेर काढून विचारू लागली, "सनईवाला कुठं बसलाय रे?"

बिदागी देताना मी विचारले, "मास्तर, क्लॅरोनेट का टाकलंत?"

त्यांनी तोंड उघडून दाखवले. पुढचे दात नव्हते. "मामा, वरचे दात मुखावर टेकावे लागतात. कवळी बसवली, पण ती हलते. दोन हंगाम घरी बसून काढले. मग पोरानं हप्त्यावर हे घेऊन दिलं."

"आणि बाकीची मंडळी?"

"त्यांचे दात शाबूत आहेत," मास्तर म्हणाले आणि नोटा मोजू लागले. एक रिक्षा चालवतो, दोघे कारखान्यात रखवालीला. टेंपोत चौघांचीच जागा, आणि यजमान चौघांचेच पैसे देतात. त्यांच्या सनईला मी मनापासून दाद दिली होती. ती परत घेण्याची मला इच्छा नव्हती. पण पाकीट खिशात ठेवताना ते नेहमीपेक्षा जड राहिले आहे, हेही हाताला कळत होते.

त्यांचा ट्रंपेटवाला आता घरांना रंग देतो. भाच्याचे घर त्यानेच रंगवले, म्हणून त्याला पत्रिका गेली होती. टेंपोमागे तो इस्त्रीचा सदरा घालून चालला होता. कीबोर्डातून पितळी आवाज निघाला, की त्याची उजव्या हाताची तीन बोटे मांडीवर भराभर दाबली जात होती.