तबकडीचें खरें नांव

वस्तूवर आपण चिकटविलेलें नांव व तिच्या पोटांत असलेलें नांव हीं एकच असतात असें नाहीं. हा धडा आम्हांस एका नववींतील मुलानें शिकविला.

गोष्ट २०१० सालची. शाळेच्या संगणकखोलींतील एक यंत्र बिघडलें व त्यावर विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली नव्यानें बसविणें प्राप्त झालें. कपाटांत एक तबकडी होती. तिच्यावर आम्हींच पूर्वी शाईनें 'एक्सपी' असें लिहून ठेविलें होतें. यंत्राच्या पाठीवर परवान्याचा २५ अक्षरांचा क्रमांक चिकटविलेला होता. तो वाचून दाखविण्याचें काम आम्हीं त्या मुलास दिलें. तो वाची, आम्ही कळा दाबीत असूं, आणि यंत्र दर खेपेस क्रमांक चुकला म्हणून सांगे. चवथ्या खेपेस आमचा धीर सुटला. "बी आणि आठ यांतला भेदही तुला कळत नाहीं काय?" असें आम्ही सर्व वर्गासमक्ष त्यास बोललों. तो मान खालीं घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो आला व हळूच म्हणाला, "सर, तबकडी आंत घातली म्हणजे पडद्यावर तिचें नांव येतें. तें पाहूं या का?" पाहतों तों 'जीआरटीएमपीव्हीओएल_ईएन' अशी अक्षरें! आम्हांस तीं निरर्थक वाटलीं. परंतु त्यानें कपाटांतील इतर तबकड्याही एकेक करून घातल्या, त्यांचीं नांवें वहींत एकाखालीं एक उतरून घेतलीं, आणि मग कोडें आपोआप उलगडूं लागलें.

शेवटचे ईएन म्हणजे इंग्रजी भाषा. त्याआधींचीं तीन अक्षरें परवान्याचा प्रकार सांगतात: व्हीओएल हा संस्थांनीं घाऊक घेतलेला, ओईएम हा नव्या संगणकाबरोबर मिळालेला, आणि एफपीपी हा दुकानांतून पेटीसह विकत घेतलेला. त्यांच्या अगोदरचें पी म्हणजे प्रोफेशनल व एच म्हणजे होम. आरंभींच्या अक्षरांवरून आवृत्ति कळते: २००१ च्या मूळ तबकडीस डब्ल्यूएक्स, २००४ च्या दुसऱ्या सुधारणासंचास व्हीआरएम, २००८ च्या तिसऱ्यास जीआरटीएम. आमच्या यंत्राचा क्रमांक ओईएम प्रकारचा होता व तबकडी व्हीओएल प्रकारची. एका प्रकारचा क्रमांक दुसऱ्या प्रकारच्या तबकडीस चालत नाहीं. मुलानें एकही अक्षर चुकीचें वाचलें नव्हतें.

नांवें इतकीं आंखडलेलीं कां, असा प्रश्न सहज सुचेल. १९८८ सालीं ठरलेल्या आयएसओ ९६६० या नियमानुसार तबकडीच्या नांवास फक्त ३२ घरें मिळतात, आणि त्यांत इंग्रजी मोठीं अक्षरें, अंक व अधोरेषा एवढेंच चालतें. तबकडीवरील मजकूर २०४८ बाइटांच्या भागांत विभागलेला असतो. पहिले १६ भाग सोडून सतराव्यांत हें नांव कोरलेलें असतें. मात्र तबकडीची नक्कल करणारा तें बदलूंही शकतो; म्हणून नांव ही साक्ष समजावी, निकाल समजूं नये.

पवित्र शास्त्रांतील वृद्ध इसहाकास आवाज एकाचा व हात दुसऱ्याचे असा संशय आला होता. तरी त्यानें केसाळ हातांवर विश्वास ठेविला आणि तो फसला. आम्हीं तर संशयही घेतला नाहीं. आमच्या शाईवर आमचा विश्वास होता, आणि एका सत्यवचनी मुलावर नव्हता.

त्याच दिवशीं शेवटच्या तासाला, ज्या वर्गासमक्ष आम्ही त्यास बोललों होतों त्याच वर्गासमक्ष, आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो लाजला व म्हणाला, "सर, बी आणि आठ खरोखरच सारखे दिसतात."

एक्सपीची सुधारणा २०१४ सालीं बंद झाली, आणि ती तबकडी आज निरुपयोगी आहे. तरी आमच्या मेजाच्या खणांत ती आम्हीं जपून ठेविली आहे. कोणा विद्यार्थ्यावर रागावण्याचा प्रसंग आला म्हणजे आम्ही खण उघडतों, शाईचें तें 'एक्सपी' पाहतों, आणि आधीं त्याचें म्हणणें ऐकून घेतों.