घोटीच्या केंद्रातील सप्ताह

मार्गशीर्ष लागला म्हणजे घोटीचे रूप पालटते. मुंबई-आग्रा महामार्गावरील, इगतपुरी तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. सह्याद्रीच्या माथ्यावरचा चार महिन्यांचा धुवाधार पाऊस अंगावर घेऊन पिकलेला भात कापणी, झोडणी आणि उफणणी उरकून याच सुमारास येथील गिरण्यांच्या दारी येऊन पडतो, आणि रस्त्याने चालताना तुसाचा बारीक कण घशाशी जाणवू लागतो. पावसाळाभर ढगांत दडलेले कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर दक्षिणेकडे स्वच्छ दिसू लागते. कुणब्याच्या हाती चार पैसे आणि जिवाला थोडी उसंत असा वर्षातील हा दुर्मिळ काळ. आणि याच काळात, दत्तजयंतीला धरून, येथील श्रीस्वामी समर्थांच्या केंद्रात गुरुचरित्राच्या पारायणाचा व नामजपाचा सप्ताह बसतो.

माझे आयुष्य महसुली दफ्तरात गेले. फेरफाराच्या नोंदी, सातबाऱ्याचे उतारे, पैसेवारीचे तक्ते, आणि या तालुक्यात तर विशेषेकरून धरणांखाली गेलेल्या जमिनींची कागदपत्रे. कारण दारणेचे धरण इंग्रजी अमदानीत झाले, पुढे वैतरणा, मुकणे, भावली अशी एकामागून एक धरणे बांधली गेली, आणि ज्यांच्या शिवारात पाणी साठले त्यांच्या अर्ज-विनंत्यांनी आमची कपाटे भरली. अशा नोकरीत माणूस समोर येतो तो अर्जदार म्हणून, जबाब देणारा म्हणून, गट नंबराचा धनी म्हणून. सेवानिवृत्तीनंतर घोटीतच बिऱ्हाड कायम केले आणि शेजारच्या एका कुटुंबाच्या आग्रहावरून मी केंद्रात जाऊ लागलो, तेव्हा तीच माणसे निराळ्या नात्याने मला भेटली. त्या भेटीचा वृत्तांत येथे लिहावयाचा आहे.

स्वामी समर्थ अक्कलकोटी दीर्घकाळ राहिले आणि १८७८ साली तेथेच समाधिस्थ झाले. त्यांच्या उपासनेची जी अनेक केंद्रे आज महाराष्ट्रात गावोगाव दिसतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ आमच्याच नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या प्रधान केंद्रात आहे. केंद्राची वास्तू पाहिली तर तिच्यात शिल्पाचे वैभव काही नाही. एक प्रशस्त दालन, समोर स्वामींची मूर्ती व पादुका, भिंतीशी सतरंज्यांच्या वळकट्या आणि दाराशी पादत्राणांची शिस्तीने लावलेली रांग. दिवसाकाठी सकाळची भूपाळी, मध्यान्हापूर्वीची नैवेद्याची आणि सायंकाळची अशा तीन आरत्या होतात, आणि त्या करणारे सेवेकरी म्हणजे कोणी गिरणीतील हमाल, कोणी शिक्षिका, कोणी दुकानदार. नित्याची सेवाही सर्वांना झेपेल अशी नेमून दिलेली आहे: स्वामी चरित्र सारामृताचे तीन अध्याय आणि स्वामींच्या नामाच्या अकरा माळा. त्या पोथीचे अध्याय एकवीस. म्हणजे रोज तीन वाचणाऱ्याची पोथी सातव्या दिवशी पूर्ण होते आणि आठव्या दिवशी तो पुन्हा पहिल्या अध्यायाशी येतो. कोणी मुलाच्या नोकरीची, कोणी मुलीच्या लग्नाची, कोणी घरातल्या दुखण्याची चिंता घेऊन येतो. त्याला ही सेवा सांगितली जाते, आणि दुखणे असेल तर जाणते सेवेकरी औषध चालू ठेवण्यासही बजावतात. हे बजावणे मला फार मोलाचे वाटते.

सप्ताहात मात्र सारे लक्ष गुरुचरित्राकडे लागते. सायंदेवाच्या वंशातील सरस्वती गंगाधरांनी रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ. सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादातून श्रीपाद श्रीवल्लभ व नृसिंहसरस्वती या दोन अवतारांची लीला त्यात उलगडत जाते, आणि कारंजा, औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही क्षेत्रे एकामागून एक डोळ्यांपुढे येतात. सात दिवसांची वाटणी परंपरेने ठरलेली आहे: पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत, आणि याच क्रमाने सातव्या दिवशी समाप्ती. वाचकाने सात दिवस एकच आसन ठेवावे, आहार साधा व कांदा-लसणाशिवाय घ्यावा, भूमीवर निजावे, बोलणे आवरावे, असे नियम आहेत. हा ग्रंथ स्त्रियांनी वाचू नये असा दंडक कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. माझ्या आजीने तो ग्रंथ आयुष्यभर ऐकला, पण हाती घेतला नाही. घोटीच्या केंद्रात मी प्रथम पारायणास बसलो तेव्हा दालनाचा निम्म्याहून अधिक भाग स्त्रियांनी भरलेला होता, प्रत्येकीपुढे पाटावर ग्रंथ होता, आणि ज्या हातांनी आदल्या महिन्यात विळा चालविला होता तेच हात हळदकुंकू वाहून पानावर ठेवलेले होते. आजीला हे दिसावयास हवे होते, असे मला त्या क्षणी फार उत्कटतेने वाटले.

माझ्या शेजारच्या रांगेत एक वयस्क बाई पुढ्यात ग्रंथ न घेताच बसत. कष्टाने जाड झालेली त्यांची बोटे माळेचा एकेक मणी अंगठ्याने पुढे लोटीत, आणि मेरुमणी आला की क्षणभर थांबून माळ फिरवून घेत. "काका, मला वाचाय येत नाही, पण माळ येते," त्यांनी मला सांगितले, "तुम्ही वाचा, मी तुमच्यासाठी नाव घेते." वाचताना माझा सूर मंदावला, की त्या नजर उचलून माझ्याकडे पाहत, आणि मी सावरून बसे. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंनी माझे पारायण अक्षरशः धरून ठेवले.

या वाचनाला समांतर असा अखंड जप दिवसरात्र चालतो. वीणा, जपमाळ आणि पोथीवाचन अशा तीन सेवा, आणि प्रत्येकीसाठी पाळीपाळीने माणसे. दिवसा स्त्रिया आणि रात्री पुरुष. दाराशी लावलेल्या तक्त्यावर ज्याने त्याने आपले नाव आपल्या हाताने लिहावयाचे असते. मी मध्यरात्रीनंतरची पाळी मागून घेतली. त्या वेळी घोटीची थंडी फरशीतून तळपायांत शिरते. बाहेर महामार्गावर मालमोटारींची घरघर आणि मधूनच आगगाडीचा आवाज, आत समईचा उजेड आणि तीनच माणसे. वीणा खाली ठेवावयाची नाही आणि नामही थांबवावयाचे नाही, हा नियम. म्हणून पाळी बदलताना नवा सेवेकरी हातपाय धुऊन येतो, मूर्तीपुढे दंडवत घालतो, मग आधीच्याच्या अगदी निकट उभा राहून वीणेचा पट्टा आपल्या गळ्यात घेतो, आणि पहिल्याने आपली मान काढून घेण्यापूर्वी दोनचार श्वासांपुरता दोघांच्याही गळ्यात तो पट्टा असतो व दोघांच्याही मुखी एकच नाम. नवा सूर स्थिरावला, की पहिला नमस्कार करून मागे सरतो.

एका रात्री वीणा देणारा आणि घेणारा असे दोघे चुलतभाऊ मी पाहिले. एकाच गटातील हिश्शावरून त्यांचा वाद वर्षानुवर्षे चाललेला. त्यांचे जबाब मी स्वतः नोंदलेले. तक्त्यावर नावे लिहिताना ती एकाखाली एक आली होती आणि कोणीही ती बदलून घेतली नव्हती. पट्टा खांद्यावर नीट बसेना, तेव्हा थोरल्याने धाकट्याच्या उपरण्याची घडी सरळ करून दिली. त्यांचा वाद त्या रात्रीने मिटला नाही. पुढील तारखेला दोघेही आपापल्या वकिलांसह हजर राहिले. परंतु नामाचा खंड पडू न देण्याची जबाबदारी दोघांनी मिळून उचलली, आणि मनुष्यामनुष्यांत दाव्याहून मोठे काही शिल्लक असते याचा इतका सबळ पुरावा माझ्या साऱ्या नोकरीत कोणी माझ्यापुढे आणला नव्हता.

सातव्या दिवशीच्या वाचनात गाणगापुरातील पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याची कथा येते. उभ्या, अद्याप न पिकलेल्या जोंधळ्याकडे बोट दाखवून श्रीगुरूंनी, म्हणजे नृसिंहसरस्वतींनी, त्याला, मी परतेपर्यंत हे शेत कापून टाक, अशी आज्ञा केली. तो प्रथम गावच्या अधिकाऱ्याकडे गेला, गतवर्षाच्या दुप्पट धान्य भरण्याचे कबूल केले, आणि मगच, बायकापोरांचा आकांत व गावाचा उपहास सोसून, शेत आडवे केले. पुढे वाईट वारा सुटून इतरांची पिके बुडाली आणि याच्या कापलेल्या धांड्यांना पावसाने नवे फुटवे येऊन पीक अनेक पटींनी वाढले. ही कथा मी बालपणापासून ऐकलेली. पण कापून पसरलेले भात अवकाळी पावसात भिजून पडलेले ज्यांनी पाहिले आहे अशा माणसांत बसून ती वाचताना तिचे वजन मला प्रथम कळले. शेजारचा तरुण शेतकरी ओळीवर बोट ठेवून थांबला आणि म्हणाला, "काका, उभं पीक कापायचं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा." जन्मभर सरकारी देण्याचा हिशेब ठेवलेल्या मला त्या कथेतील एक तपशील विशेष भिडतो. पर्वतेश्वराने आपल्या श्रद्धेचा भार दुसऱ्या कोणावर लोटला नाही. देणे आधी आपल्या शिरावर घेतले आणि मग विळा उचलला. चमत्कार हा कथेचा शेवट झाला. तिचा उपदेश त्या आधीच्या कबुलीत आहे.

समाप्तीच्या दिवशी घेवड्याच्या शेंगांच्या भाजीचा नैवेद्य दाखवितात; कारण अठराव्या अध्यायात, एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल श्रीगुरूंनी उपटला आणि त्याच्या मुळाशी द्रव्याचा कुंभ निघाला, अशी कथा आहे. महाप्रसादाचा तांदूळ घरोघरचा नवा येतो. कोणी पोतेभर आणतो, कोणी ओंजळभर, आणि सारे एकाच कढईत पडते. कोणाचा इंद्रायणी, कोणाचा जाडा, हे भात शिजल्यावर सांगता येत नाही. तीन माणसांचा शिधा घेऊन आलेल्या भास्कर ब्राह्मणाच्या अन्नात श्रीगुरूंच्या कृपेने सारे गाव जेवले, ही पाचव्या दिवशी वाचलेली कथा पंगत वाढताना कोणीतरी हटकून काढतोच. पंगतीत बसणाऱ्याला जात विचारीत नाहीत. जेवून उठलेला माणूस पुढच्या पंगतीची पत्रावळ मांडतो.

अध्यात्माविषयी पुष्कळ ग्रंथ मी वाचले, प्रवचनेही ऐकली, आणि त्यांचा मला उपयोगच झाला. तरी माझा अनुभव असा, की ईश्वराविषयीची ममता टिकते ती नेमून घेतलेल्या कर्तव्याच्या आधाराने. आपली पाळी आपण सांभाळली नाही तर दुसऱ्या कोणाला थंडीत दुप्पट उभे राहावे लागेल, ही जाणीव मनुष्याला पहाटे अंथरुणातून उठविते, आणि पुढे त्या जाणिवेतूनच नामाची गोडी उपजते. मागण्या घेऊन केंद्रात येण्यात गैर काही नाही. दुःखी माणसाने देवापाशी नाही तर कोठे जावे? पण मागण्याबरोबर एखादी पाळीही मागून घ्यावी, म्हणजे आपले दुःख घेऊन आलेल्या इतरांचे चेहरे दिसू लागतात आणि आपल्या दुःखाचे माप आपोआप कळते.

ज्या वाचकाच्या गावी असा सप्ताह बसत असेल त्याला माझी कळकळीची विनंती आहे. आरतीला आणि महाप्रसादाला माणसे उदंड येतात, परंतु रात्री दोनपासून पहाटेपर्यंतच्या पाळीला ती नेहमी कमी पडतात. दाराशी लावलेल्या तक्त्यावर त्या रिकाम्या रकान्यात आपले नाव लिहावे.