प्रोसेसरची नोंद आणि कब्जा

ज्याचे सारे आयुष्य फेरफार, पहाणीपत्रके आणि वारसनोंदी यांच्या गठ्ठ्यांत गेले, अशा एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने वसमतच्या राहत्या घरी संगणकाच्या प्रोसेसरची चिकित्सा करीत बसावे, हे माझ्या स्नेह्यांना काहीसे चमत्कारिक वाटते. परंतु निजामी अमदानीतील आमच्या घराण्याचे उर्दू व मोडी दस्तऐवज स्कॅन करून त्यांचे दप्तर लावण्याचे जे काम मी हाती घेतले होते, ते २०१८ साली घेतलेल्या यंत्राला पेलेनासे झाले. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली, आणि विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत माझ्या रायझन ३ २२००जीचे नाव नव्हते.

नवे यंत्र घेणे निवृत्तिवेतनास मानवणारे नव्हते. एएम५ सॉकेटची वाट धरावी, तर मदरबोर्डाबरोबर डीडीआर५ रॅमही नवी घ्यावी लागते. म्हणजे जुन्यातली केवळ पेटीच शिल्लक राहणार. माझा बोर्ड ए३२० चिपसेटचा, एएम४ सॉकेटचा, आणि या सॉकेटने रायझनच्या अनेक पिढ्या सांभाळल्या असल्यामुळे केवळ प्रोसेसर बदलून भागेल अशी आशा होती. नांदेडच्या दुकानदाराने तर फोनवरच निकाल दिला, "काका, सॉकेट एकच आहे. रायझन ५ ५६०० टाकून देतो, तुम्ही बिनघोर राहा."

मी बिनघोर राहिलो नाही. सॉकेट जुळणे म्हणजे जमिनीवर कब्जा असणे. पण सातबाऱ्यावर नोंद नसेल तर त्या कब्जास कचेरीत कोण विचारतो? प्रोसेसरची ही नोंद असते बायोसमध्ये. इंटेलचा दाखला तर फारच बोलका आहे: सहाव्या, सातव्या आणि आठव्या पिढीचे प्रोसेसर एकाच ११५१ सॉकेटच्या नावाखाली विकले गेले, परंतु २०१७ च्या उत्तरार्धात आलेली आठवी पिढी एच११० च्या जुन्या बोर्डात बसूनही चालत नाही, तिला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो.

म्हणून पेटीची कड उघडून, विजेरीच्या प्रकाशात बोर्डावर छापलेले मॉडेलचे नाव आणि त्याखालचा आवृत्तिक्रमांक मी टिपून घेतला, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांच्या याद्या निरनिराळ्या असू शकतात. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत प्रत्येक प्रोसेसरपुढे तो कोणत्या बायोसपासून चालतो हे लिहिलेले असते. ५६०० तिथे होता, परंतु त्याच्या पोटात चित्र उमटवणारा भाग नाही. माझ्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे पडदा काळाच राहिला असता. ५६००जीमध्ये तो भाग आहे, सहा कोअर आहेत, आणि ६५ वॅटचा त्याचा आकडा जुन्या प्रोसेसरइतकाच असल्याने पॉवर सप्लाय बदलण्याचे प्रयोजन नव्हते. दुकानदाराने तोच मागवून दिला.

बायोस अद्ययावत करणे हे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकावे लागते, नाहीतर नवा बसवल्यावर पडदाच उजळत नाही. लेखन चालू असता वीज गेली तर बोर्ड मृतप्राय होण्याचे भय. भारनियमनाच्या आमच्या मुलखात ही शंका अनाठायी नव्हे, म्हणून इन्व्हर्टर भरलेला असल्याची खातरजमा करूनच मी आज्ञा दिली.

पुढे पंखा काढताना पुण्याहून मुलाने फोनवरून बजावले, "बाबा, आधी थोडा वेळ चालू ठेवा, गरम होऊ द्या." वर्षानुवर्षांची थर्मल पेस्ट गोंदासारखी घट्ट झालेली असते; थंड अवस्थेत पंखा सरळ वर ओढला, तर एएम४ मध्ये प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि त्याच्या १३३१ पिनांपैकी काही वाकतात. यंत्र तापवून, बंद करून, वायर काढून मी पंखा डावीउजवीकडे हळूच पिळला, तेव्हा तो सुटला. तरफ उचलून जुना काढला. नव्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवताच तो, बोटाचा दाब न देता, आपल्याच भाराने खाली उतरला. दाब द्यावा लागला तर दिशा चुकली असे समजावे.

बायोसमध्ये टीपीएमची सोय सुरू केल्यावर विंडोज ११ ने तक्रार केली नाही. स्कॅनांची कामे आता लवकर उरकतात. पोटातल्या ग्राफिक्सला एका रॅमपेक्षा दोन जुळ्या रॅम अधिक मानवतात असे मुलाचे म्हणणे आहे, आणि ते योग्यही आहे. पण तो खर्च मी तूर्त तहकूब ठेवला आहे.